आधी खेळ, मग फटका

टेनिसचा सराव पाठ घ्यायचा म्हटलं की छात्राध्यापकाच्या पाठ टाचणात पहिला मुद्दा बहुधा ठरलेला असतो: रॅकेट धरण्याची पद्धत. त्यानंतर उभं राहण्याची पद्धत, त्यानंतर फोरहँड, एक-दोन-तीन-चार अशा आकड्यांवर. चाळीस मुलं चार रांगांत उभी राहतात, हवेत हात फिरवतात आणि शिट्टी वाजली की थांबतात. तासिकेची शेवटची पाच मिनिटं उरली तर चेंडू मिळतो. तेव्हा रांगेत छान हात फिरवणाऱ्या मुलाचा पहिलाच फटका कुंपणापलीकडे जातो, कारण समोरून येणारा चेंडू आकड्यांवर येत नाही.

हा क्रम उलटा करता येतो. आधी खेळ द्यायचा, तो खेळताना मुलाला अडचण येऊ द्यायची, आणि त्या अडचणीवरचा उपाय म्हणून फटका शिकवायचा. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातले डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ साली ही मांडणी केली. शाळांमधले खेळाचे तास पाहून त्यांनी काही गोष्टी नोंदवल्या होत्या. तंत्रावरच भर दिल्यामुळे बहुतेक मुलांच्या वाट्याला यश फार कमी येत होतं. ज्यांचं तंत्र चांगलं होतं त्यांनाही सामन्यात केव्हा काय करायचं हे सुचत नव्हतं. आणि प्रशिक्षकाने सांगितल्याशिवाय मुलं काहीच ठरवत नव्हती. या तिन्ही गोष्टी आपल्या पटांगणांवर आजही दिसतात, म्हणून ही पद्धत सोलापूरच्या शाळेत कशी राबवता येईल ते सविस्तर पाहू.

सोलापूर जिल्ह्याला टेनिस परकं नाही. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासोबत महिला दुहेरीचं कांस्यपदक जिंकली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच जोडीने भारताचं प्रतिनिधित्व केलं. सोलापूर शहरात आंतरराष्ट्रीय महिला टेनिस स्पर्धाही झाल्या आहेत. पण महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या चौथीच्या मुलाच्या दृष्टीने टेनिस म्हणजे टीव्हीवर दिसणारा, जाळी, कोर्ट आणि महागड्या रॅकेटचा खेळ. शाळेत मुरूम टाकलेलं पटांगण असतं, कडेला दोन-चार कडुनिंब असतात, आणि खेळाच्या पेटीत दोऱ्या, रिंगा, थोडे रबरी चेंडू. बी.एड. किंवा डी.एल.एड.चा छात्राध्यापक आंतरवासितेसाठी अशाच शाळेत येतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ही आंतरवासिता एकूण वीस आठवड्यांची असते, आणि वीस आठवड्यांत मुलांना टेनिस खेळतं करणं पूर्ण शक्य आहे. कोर्ट मात्र आपणच तयार करायला हवं.

सुरुवात चेंडूपासून करू, कारण टेनिसमध्ये मुलाची सगळ्यात मोठी अडचण चेंडूच असतो. नेहमीचा पिवळा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून काँक्रीटवर सोडला तर नियमाप्रमाणे तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची उंचीच साधारण तेवढी, किंबहुना थोडी कमी असते. म्हणजे जोराने आलेला चेंडू त्याच्या खांद्यावरून, कधी डोक्यावरून जातो. अशा चेंडूला फोरहँड मारण्याचं कुठलंही तंत्र त्या वयात कामाला येत नाही. यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ मध्ये लहान मुलांसाठी मोहीम सुरू केली आणि हळू चेंडूंच्या तीन पायऱ्या रूढ केल्या. लाल चेंडू पिवळ्यापेक्षा साधारण ७५ टक्के हळू, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. त्याच उंचीवरून सोडलेला लाल चेंडू ९० ते १०५ सेंटिमीटरच उसळतो, म्हणजे मुलाच्या कमरेपासून छातीपर्यंत. २०१२ पासून तर दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अधिकृत स्पर्धांत पिवळा चेंडू वापरायलाच नियमाने मनाई आहे.

लाल चेंडू सगळीकडे सहज मिळत नाहीत. मऊ फोमचे चेंडू चालतात. टेनिस खेळणाऱ्यांनी टाकून दिलेले, हवा गेलेले जुने चेंडूही उत्तम चालतात, आणि मुरमाच्या जमिनीवर ते आणखीच कमी उसळतात. मात्र पटांगणात खडे असतील तर चेंडू वेडावाकडा उडतो आणि मुलं आपल्याला जमत नाही असं समजतात. अशा वेळी शाळेच्या व्हरांड्यातली शहाबादी फरशी पटांगणापेक्षा चांगलं कोर्ट ठरते. तिथे जागा कमी असते, पण लाल चेंडूला जागा लागतेच कमी. मोठ्यांचं कोर्ट २३.७७ मीटर लांब असतं. लाल चेंडूचं कोर्ट ११ मीटर लांबीलाही पुरतं, म्हणजे ते बॅडमिंटनच्या कोर्टात सहज बसतं.

आता चाळीस मुलांचा हिशेब. पटांगणाच्या लांबीने ३० मीटरची एकच दोरी ताणायची, जमिनीपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर. लांब दोरी मध्ये झोळ खाते, म्हणून दर काही मीटरवर वर्गातली खुर्ची आधाराला ठेवायची. दोरीवर जुन्या चादरी किंवा ओढण्या टाकल्या की चेंडू खालून गेला की वरून, यावरचं भांडण मिटतं, आणि सोलापुरात जुन्या चादरींची वाण नाही. मग फक्कीने दोरीला काटकोनात दहा पट्ट्या आखायच्या. प्रत्येक पट्टीत खेळायची जागा दोन मीटर रुंद, शेजारच्या पट्टीपासून एक मीटर अंतर, आणि दोरीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर लांबी. पट्टीमागे चार मुलं. दोघं खेळतात, एक गुण मोजतं, एक चेंडू कुठे पडतो ते पाहतं. सात गुण झाले की अदलाबदल. या मांडणीत कुणीही रांगेत उभं राहत नाही आणि कुणीही बाद होऊन कडेला बसत नाही. शाळेतल्या खेळाच्या तासाला मुलं किती वेळ प्रत्यक्ष हलतात आणि किती वेळ वाट पाहतात, हे एकदा घड्याळ लावून पाहिलं तर या आखणीचं मोल कळतं.

पहिल्या दिवशी रॅकेट नाही. खेळ फक्त हाताचा. दोरीवरून खालच्या हाताने चेंडू टाकायचा, त्याचा समोरच्याच्या बाजूला पट्टीत एकदा टप्पा पडला पाहिजे, समोरच्याने एका टप्प्यानंतर झेलायचा आणि झेलला तिथूनच परत टाकायचा. दोन टप्पे पडले किंवा चेंडू पट्टीबाहेर पडला की गुण गेला. नियम सांगायला दोन मिनिटं पुरतात. एक जोडी पुढे बोलावून खेळून दाखवली की एका मिनिटात काम होतं. आणि हा खेळ खरं तर टेनिसच आहे: सर्व्हिस आहे, रॅली आहे, गुण आहेत. फक्त फटक्याऐवजी फेक आहे. मूळ खेळातली अडचण तशीच ठेवून त्यातलं अवघड तंत्र तेवढं काढून टाकायचं, हे या पद्धतीचं पहिलं सूत्र.

सात-आठ मिनिटं मुलं खेळतात. या काळात छात्राध्यापकाने काय करायचं, तर पाहायचं, बोलायचं नाही. हे नव्या शिक्षकाला फार जड जातं. निरीक्षक वही घेऊन कडेला बसलेले असतात आणि गप्प उभं राहिलं तर 'हा शिकवत नाही' असं त्यांना वाटेल, ही भीती खरी आहे. म्हणून पाठ टाचणातच या मिनिटांसमोर 'निरीक्षण' असं लिहून काय पाहणार तेही लिहावं: मुलं चेंडू समोरच्याच्या हातात देतात की त्याच्यापासून दूर? चेंडू टाकल्यावर मूल तिथेच थांबतं की पट्टीच्या मध्यावर परततं? साधारण पाचव्या मिनिटाला प्रत्येक वर्गात एखादं मूल असं निघतं की ते चेंडू हळूच दोरीलगत टाकतं आणि मागे उभा असलेला भिडू धावूनही पोचत नाही. त्या मुलाकडे लक्ष ठेवायचं. पुढचा सगळा पाठ त्याच्यावर उभा राहतो.

मग शिट्टी, आणि मुलं जिथल्या तिथे खाली. आता प्रश्न. प्रश्न विचारणं हे या पद्धतीतलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, रॅकेट धरण्यापेक्षा कितीतरी अवघड. "समजलं का?" या प्रश्नाला चाळीस मुलं "हो सर" म्हणतात आणि कुणालाच काही कळलेलं नसतं. "मोकळ्या जागेत चेंडू टाकायचा ना?" यात उत्तर आधीच देऊन टाकलं आहे. उपयोगी प्रश्न असा असतो: "तुझा भिडू इथं उभा आहे. चेंडू कुठं टाकशील? बोलू नको, जाऊन उभी राहून दाखव." मुलगी जाते आणि दोरीजवळच्या कोपऱ्यात उभी राहते. "तिथंच का?" आता ती सांगते, "सर, तो मागं थांबतोय. त्याला पळत यायला लागतंय." त्यानंतर दुसऱ्या बाजूच्या मुलाला विचारायचं, "ती तिथं टाकणार हे तुला कळलंय. मग तू कुठं थांबशील?" या दोन प्रश्नांत टेनिसच्या डावपेचाचा अर्धा भाग येऊन जातो: मोकळी जागा शोधणं आणि स्वतःची मोकळी जागा झाकणं.

'दाखव' म्हणण्याला सोलापुरात आणखी एक कारण आहे. इथल्या वर्गात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं शेजारी-शेजारी बसतात. पूर्व भागातल्या विणकर वस्तीत घरची भाषा तेलुगू असते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेल्या छात्राध्यापकाला यातली प्रत्येक भाषा येईलच असं नाही. पटांगणावर मात्र मूल उत्तर पायांनी देऊ शकतं. वर्गात प्रमाण मराठीत वाक्य जुळत नाही म्हणून गप्प राहणारं मूल इथे नेमक्या जागी जाऊन उभं राहतं, आणि त्याला खेळ किती कळतो हे शिक्षकाला पहिल्यांदा दिसतं. या पद्धतीचा मला सगळ्यात मोठा वाटणारा गुण हाच आहे.

प्रश्नांना तीन मिनिटांहून जास्त वेळ द्यायचा नाही. पुन्हा खेळ, पण आता छात्राध्यापक खेळाचा आकार बदलतो. पट्टी लांब आणि अरुंद असली की बाजूला जागाच नसते, त्यामुळे मुलं आपोआप पुढे-मागे खेळवायला शिकतात. पुढच्या तासाला पट्ट्या जोडून कोर्ट रुंद आणि आखूड केलं की तीच मुलं डावीकडे-उजवीकडे पळवायला लागतात. कुणी सांगितलेलं नसतं, रेषांनी शिकवलेलं असतं. मुलं सारखी मधोमधच टाकत असतील तर पट्टीच्या मध्यावर फक्कीने एक चौकोन आखायचा आणि तिथे पडलेल्या चेंडूला गुण नाही असं ठरवायचं. चेंडू टाकल्यावर कुणी जागेवर परतत नसेल तर मागच्या रेषेवर मध्यभागी एक रिंग ठेवायची आणि टाकल्यानंतर तिला पाय लावल्याशिवाय पुढचा झेल धरायचा नाही असा नियम करायचा. शिकवायचं ते नियमात घालायचं, तोंडाने सांगायचं नाही. छात्राध्यापकाची खरी तयारी इथे लागते: उद्या मुलांना कोणती अडचण यायला हवी, आणि त्यासाठी कोणती रेषा, कोणता गुण, कोणता नियम बदलायचा, हे आदल्या संध्याकाळी बसून ठरवावं लागतं.

आपल्याकडच्या मुलांना यातलं बरंच आधीच येतं. बंकर-थॉर्प यांच्या पद्धतीत खेळांचे चार गट मानतात: एकमेकांच्या हद्दीत घुसण्याचे, जाळी किंवा भिंतीचे, मारून धावण्याचे आणि नेमाचे. खो-खो, लंगडी, शिवाशिवी यांना त्या चार गटांत नीट जागा मिळत नाही, आणि माझ्या मते ही त्या मांडणीतली उणीवच आहे. खो-खोत बचाव करणारं मूल खांद्याने हूल देतं, पाठलाग करणाऱ्याचा तोल कुठल्या पायावर आहे ते पाहतं आणि उलट्या दिशेने निसटतं. टेनिसमध्येही समोरच्याचा तोल ज्या बाजूला गेला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला चेंडू टाकायचा असतो. प्रश्न विचारताना "खो-खोत हूल कशी देता?" एवढं म्हटलं तरी मुलांना काय करायचं ते कळतं. लगोरी खेळलेल्या मुलांची फेकही आधीच नेमकी असते.

क्रिकेटची सवय मात्र दोन्ही बाजूंनी काम करते. चेंडूवर नजर ठेवणं, टप्प्याचा अंदाज घेणं हे मुलांना गल्लीतच जमलेलं असतं. बॅट दोन्ही हातांनी धरायची सवय दोन हातांच्या बॅकहँडला उपयोगी पडू शकते. पण क्रिकेटमध्ये चेंडू लांब गेला की टाळ्या मिळतात, टेनिसमध्ये लांब गेला की गुण जातो. ही गोष्ट भाषणाने पटत नाही. पट्टी पाच मीटरचीच असते आणि गुण मोजणारा वर्गमित्रच असतो, त्यामुळे दोन डावांत ती आपोआप पटते.

तीन-चार तासांनंतर फळी हातात द्यायची. प्लायवूडची, मुलाच्या तळव्यापेक्षा जरा मोठी, छोट्या मुठीची फळी कुठल्याही सुताराकडून करून घेता येते. लांब रॅकेटपेक्षा ती हाताजवळ असल्याने चेंडूवर बसते. आता खेळ तोच, पण झेलण्याऐवजी फळीने मारायचं. आणि इथे मुलांना पहिल्यांदा खरी अडचण येते: कुठे मारायचं ते कळतंय, पण चेंडू तिकडे जात नाही. फटक्याचं तंत्र शिकवायची वेळ हीच. आता मूल स्वतः विचारतं, "सर, माझा दोरीतच का जातोय?" मग त्याला एकच गोष्ट सांगायची, उदाहरणार्थ चेंडू अंगाच्या पुढे असतानाच मारायचा. किंवा फळीचं तोंड मारताना दोरीपलीकडे वळलेलं ठेवायचं. दोन्ही एकदम सांगायच्या नाहीत. जोडीने पाच मिनिटं तेवढाच सराव आणि लगेच परत खेळ, म्हणजे शिकलेलं गुणांसाठी वापरून पाहता येतं. डावखुऱ्या मुलांना कडेच्या पट्ट्या द्याव्यात, आणि फळी हातात असताना आखलेल्या मोकळ्या मीटरमध्ये कुणीही पाऊल टाकायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून कडक पाळावा.

वर्गात जोराची मुलं आणि नवखी मुलं एकत्र असतात. त्यासाठी पट्ट्यांना क्रमांक द्यायचे. फळी आली की प्रत्येक पट्टीतल्या चौघांमध्ये दोन सामने होतात. जिंकणारी दोन मुलं एक पट्टी वर सरकतात, हरणारी एक पट्टी खाली. चार-पाच फेऱ्यांनंतर मुलं आपापल्या ताकदीच्या भिडूसमोर आलेली असतात, आणि पुढचा प्रत्येक सामना अटीतटीचा होतो. दहाव्या पट्टीतल्या मुलालाही जिंकायला मिळतं.

मूल्यमापन कसं करायचं, हा प्रश्न प्रत्येक छात्राध्यापक विचारतो, कारण गुणपत्रकात काहीतरी भरावं लागतं. फोरहँडचे दहा फटके मोजून गुण देणं सोपं आहे, पण त्यातून खेळ मोजला जात नाही. अमेरिकेतल्या ऑस्लिन, मिचेल आणि ग्रिफिन यांनी १९९८ मध्ये खेळ चालू असतानाच नोंद करायचा एक तक्ता मांडला. जाळीच्या खेळासाठी त्यातले तीन रकाने पुरतात: मूल जागेवर परतलं का, चेंडू योग्य ठिकाणी टाकायचं ठरवलं का, आणि ठरवलं तसं जमलं का. दुसरा आणि तिसरा रकाना वेगळा ठेवणं फार महत्त्वाचं आहे. दोरीलगत टाकायचं बरोबर ठरवलं आणि चेंडू दोरीत अडकला, तर दुसऱ्या रकान्यात बरोबर, तिसऱ्यात चूक. अशा मुलाला फटका शिकवायचा. फटका सुरेख पण सारखा समोरच्याच्या हातात, अशा मुलाला प्रश्न विचारायचे. सराव पाठाला सहाध्यायी निरीक्षणासाठी बसलेलेच असतात, त्यांच्याकडे हा तक्ता द्यावा. पाठावरची चर्चा मग फळ्याच्या अक्षरावर न जाता मुलांच्या खेळावर होते.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते ऐकायला हवेत. तंत्र उशिरा शिकवलं तर चुकीची सवय लागते, असं अनेक अनुभवी प्रशिक्षक सांगतात. तंत्र आधी आणि खेळ आधी यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांतूनही सगळ्या बाबतीत एकच पद्धत सरस असा निकाल निघालेला नाही. जिल्हा किंवा राज्य स्पर्धेसाठी तयार होणाऱ्या मुलाला रोज तासन् तास फटक्यांचा सराव लागतोच. पण शाळेत आठवड्याला एक-दोन तासिका मिळतात. तेवढ्या वेळात कुणाचाच फोरहँड घोटून होत नाही, खेळ मात्र कळू शकतो. माझी कसोटी साधी आहे: मधल्या सुट्टीत, शिक्षक नसताना, मुलं दोन दप्तरांमध्ये दोरी बांधून हा खेळ मांडतात का? आणि उलट चूकही होते. 'खेळाधारित' म्हणून नुसता चेंडू देऊन छात्राध्यापक बाजूला उभा राहिला, प्रश्न नाहीत, नियमांत बदल नाहीत, तर तो मोकळा तास झाला. त्यात शिकवणं नाही.

पुढची पायरी केव्हा गाठायची? फळीने दोघं मिळून दहा-बारा फटक्यांची रॅली सहज करू लागले आणि गुणांच्या खेळातही चेंडू दोन-तीनदा इकडून तिकडे जाऊ लागला, की छोटी रॅकेट द्यावी. लाल चेंडूसाठी १७ ते २१ इंचांपर्यंतची रॅकेट पुरते. नारिंगी चेंडूच्या वेळी २३ ते २५ इंच आणि कोर्ट सुमारे १८ मीटर. मोठ्यांची २७ इंची रॅकेट घरात पडून आहे म्हणून मुलाच्या हाती देऊ नये. मापाची एक सोपी खूण आहे: मुलाने हात सरळ खाली सोडून रॅकेट धरली की तिचं टोक जमिनीला घासता कामा नये. साधनांइतकीच वेळही सांभाळावी लागते: मार्चपासून सकाळची शाळा सुरू झाली की पहिली तासिका खेळाला मागून घ्यावी. सोलापुरात नऊनंतर पटांगणावर चाळीस मुलांना उभं करता येत नाही, आणि व्हरांड्यातल्या दोन पट्ट्यांवर फार तर आठ जण एका वेळी मावतात.